तिसऱ्या घंटेनंतर वीसपर्यंत

नाटक कंपनीत त्यांना कुजबुजराव म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कुठल्यातरी ओळखपत्रावर असेल, पण ते विचारायची वेळ कधी कोणावर आली नाही. विंगेत तिपाईवर बसायचं, मांडीवर नाटकाची वही उघडी ठेवायची आणि नट अडला की पुढचा शब्द पुरवायचा, तोही असा की नटाच्या कानात पडावा आणि पहिल्या रांगेला पत्ता लागू नये. सव्वीस वर्षं त्यांनी एवढंच केलं. एका नायिकेने आपल्या शंभराव्या प्रयोगाला रंगमंचावर उभं राहून सगळ्यांचे आभार मानले. केस विंचरणारीचे, पडदा ओढणाऱ्याचे, चहा आणणाऱ्याचेसुद्धा. कुजबुजरावांचे तेवढे राहिले. मागे कोणीतरी हळहळलं, तर म्हणाले, "म्हणजे आठवण यावी असं काही घडलं नाही. चांगलं झालं."

कंपनी बसली तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्या वयात माणूस नवं काही शिकत नाही असं समजतात. त्यांना एका छापखान्यात मजकूर टाईप करायची नोकरी लागली आणि ते निमूटपणे कॉम्प्युटर शिकले. छापखान्याच्या मालकाने सगळ्या मशीनवर लिनक्स घातलं होतं. "ह्याला मालक नाही," तो मोठ्या अभिमानाने सांगे. "जगभरचे लोक मिळून हे चालवतात. फक्त बिघडलं की आपलं आपण निस्तरायचं." कुजबुजरावांना ही व्यवस्था नवी वाटली नाही. त्यांची कंपनी अशीच चालायची.

निवृत्त झाल्यावर ते थोरल्या बहिणीबरोबर राहू लागले. अक्का त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांची शाळा, ताप, फुटलेली कोपरं, सगळं अक्काने बघितलं होतं. दोघांची दोन खोल्यांची जागा होती, तिसऱ्या मजल्यावर, खाली कपडे धुऊन देणाऱ्याचं दुकान. जिन्यात दिवसभर साबणाचा वास असे.

सहा-सात वर्षांपूर्वी अक्काचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी दारावरची घंटा गेली, मग किटलीची शिट्टी, मग माणसं. कानातली यंत्रं तिने दोन वेळा आणली आणि दोन्ही खणात टाकली. म्हणे सगळ्यांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून येतो. हळूहळू तिने बाहेर जाणंच सोडलं. "लोक तोंडं हलवतात आणि मी मान हलवते," ती म्हणाली. "कशासाठी? त्यापेक्षा घरी बसून विणकाम केलेलं बरं. लोकर काही बोलत नाही."

ह्यावर कुजबुजरावांनी काय केलं? वाद घातला नाही. चार गल्ल्या पलीकडे एक सार्वजनिक हॉल होता, तिथे ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक गट दर शनिवारी सकाळी दहाला जमायचा. जमायचे आणि एकमेकांकडे बघत बसायचे. कुजबुजरावांनी छापखान्यातून टाकून दिलेला एक कॉम्प्युटर आणला, हॉलच्या जुन्या प्रोजेक्टरला जोडला आणि शेवटच्या रांगेमागे टेबल टाकून बसले. पुढे उभं राहून कोणी काही बोललं की ते टाईप करणार आणि शब्द समोरच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटणार. आवाजसुद्धा लिहायचे, कंसात: टाळ्या, खुर्ची पडली, बाहेर कुत्रं.

पहिल्या शनिवारी अक्का आली ती त्यांच्या टेबलाला लागून असलेल्या खुर्चीवर बसली. पुढे सहा वर्षं तिने ती खुर्ची सोडली नाही. शनिवारच्या वेगळ्या चपला होत्या तिच्या, तपकिरी, पट्ट्याच्या. शुक्रवारी संध्याकाळी त्या पुसून दाराशी मांडलेल्या असत.

कुजबुजरावांचा हात इतका चालायचा की कधीकधी पडदा वक्त्याच्या पुढे जाई. जुनी सवय. एकदा गुडघ्यांवर बोलायला आलेले डॉक्टर मध्येच अडखळले, शब्द आठवेना. मान वर करून बघतात तो पडद्यावर शब्द हजर! त्यांनी तो उचलला आणि पुढे गेले. चहाच्या वेळी ते टेबलापाशी आले नि म्हणाले, "अहो, माझं भाषण तुम्हाला कोणी आधी दिलं होतं?"

"दिलं नव्हतं," कुजबुजराव म्हणाले. "तुमचा चेहरा त्या शब्दाच्या दारात उभा होता."

तर असं सगळं चाललेलं. कॉम्प्युटरसाठी त्यांनी एक वही घातली होती. प्रॉम्प्टरच्या वहीत प्रत्येक काटछाट पेन्सिलीने तारखेसकट लिहितात, तशीच ही. कोणत्या दिवशी कोणता अपडेट घातला, कोणतं सेटिंग बदललं, की-बोर्डचं कोणतं बटण अडकतं, सगळं. त्या वहीत एका गुरुवारी नोंद आहे: डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावर खिडक्या उघडणाऱ्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती घातली. सर्व ठीक.

दोन दिवसांनी शनिवार आला आणि सर्व ठीक नव्हतं.

त्या शनिवारी गटातल्या घड्याळजींची शोकसभा होती. घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे, स्वतः ठार बहिरे, पण घड्याळ गालाला लावून ते चालतंय की नाही ते सांगायचे. त्यांच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्याही चाळीस वर्षांच्या बहिऱ्या. बोलायला परगावाहून घड्याळजींचे धाकटे भाऊ आले होते. त्यांना चांगलं ऐकू येत होतं.

सुरुवातीला हॉलच्या बाईंनी, म्हणजे हॉलची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी, कुजबुजरावांची केबल काढून आपला कॉम्प्युटर जोडला आणि घड्याळजींचे फोटो दाखवले. मग केबल परत जिथली तिथे लावली. भाऊ बोलायला उभे राहिले. कुजबुजरावांनी बोटं सरसावली.

भाऊ म्हणाले, "त्याने गावाची घड्याळं दुरुस्त केली आणि घरातलं घड्याळ चाळीस वर्षं दहा मिनिटं पुढे ठेवलं. वहिनी सगळीकडे लवकर पोचायच्या आणि ह्याच्या नावाने बोटं मोडत बसायच्या."

हे वाक्य अर्धं टाईप झालं आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवली: नवा डिस्प्ले जोडला गेला आहे. मांडणी निवडा. चौकट आली की टाईप केलेली अक्षरं त्या चौकटीत जातात, म्हणजे कुठेच जात नाहीत. कुजबुजरावांनी ती बंद केली, वाक्य पुन्हा लिहायला घेतलं. पडदा लुकलुकला, अक्षरं लहान झाली, मोठी झाली. पुन्हा चौकट. पुन्हा बंद. तेवढ्यात भाऊ मरणाच्या सकाळपर्यंत येऊन पोचले होते, त्यांचा आवाज भरून आला होता, आणि पडद्यावर शेवटी पूर्ण वाक्य उमटलं ते घरातल्या पुढे धावणाऱ्या घड्याळाचं.

पुढच्या रांगांना भावाचा चेहरा दिसत होता. अक्काला इतक्या लांबून फक्त अक्षरं दिसत. ती हसली. अक्काचं हसणं पहिल्यापासून मोकळं, आणि कान गेल्यापासून ते केवढं असतं हे तिला कळत नसे.

भाऊ थांबले. पडद्यावर चौकट परत आली होती. तीसेक माथी एकदम मागे वळली.

अक्का तरातरा घरी आली. दारात चपला काढल्या, पुसल्या, कागदात गुंडाळल्या आणि स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवल्या. कुजबुजरावांनी हात पुढे केला तर म्हणाली, "चढता येतं मला." उतरल्यावर म्हणाली, "आता ह्या लागायच्या नाहीत."

त्यांनी पाटीवर लिहिलं. घरात दोघांचं बोलणं असं चालायचं. ते लिहिणार, ती बोलणार. त्यांनी लिहिलं: चूक मशीनची होती.

"मशीन हसलं का?" अक्का म्हणाली. "हसले मी. एका बाईच्या नवऱ्याच्या शोकसभेत. सगळे वळून बघत होते, दिसलं नाही तुला? बहिरी झाले म्हणजे आंधळी झाले नाही मी, धाकट्या."

कुजबुजरावांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी पाटी पुसली.

सोमवारी सकाळी ते हॉलवर गेले. रिकामा हॉल, एकावर एक रचलेल्या करड्या खुर्च्या, खिडकीतून येणारा रस्त्याचा आवाज. हॉलच्या बाईंनी वायरमनला बोलावून ठेवलं होतं. वायरमनने केबलचं टोक हलवून पाहिलं आणि लगेच निकाल दिला.

"सैल आहे. आत-बाहेर होतं, म्हणून मशीनला वाटतं पाहुणा आला."

"सहा वर्षं वाटलं नाही ते?"

"काका, सहा वर्षांपूर्वी माझाही गुडघा दुखत नव्हता."

नवी केबल आली. हॉलच्या बाईंनी काढली होती तशीच कुजबुजरावांनी ती काढली, परत लावली. चौकट आली. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवर्गाचा प्रोजेक्टर आणून पाहिला. चौकट तीच. वायरमन म्हणाला, "मग भूत असेल," आणि जेवायला गेला.

मंगळवारी कुजबुजरावांनी डेस्कटॉपच्या सगळ्या सूचनाच बंद करून टाकल्या. चौकट दिसेनाशी झाली. त्यांना क्षणभर बरं वाटलं. मग पडदा लुकलुकला, अक्षरं आकसली आणि परत ताणली गेली. सूचना देणाऱ्याचं तोंड दाबलं होतं, पण जे घडतंय म्हणून तो सूचना देत होता ते आत घडतच होतं. त्यांनी सूचना पुन्हा चालू केल्या. निदान तो कधी बोलतो ते तरी कळेल.

मशीन आपल्या पोटात सगळं लिहून ठेवतं. काळ्या खिडकीत त्यांनी त्या नोंदी उघडल्या. पानंच्या पानं, आणि मजकूर एकच: मांडणी बदलली. जुळवून घेतली. मांडणी बदलली. जुळवून घेतली. कोणी बदलली ते लिहिलेलं नव्हतं. छापखान्यात असताना ते लिनक्सवाल्यांच्या एका पत्रगटात होते; तिथे लोक एकमेकांच्या अडचणी सोडवतात, बहुतेक टोपणनावांनी. त्यांनी दुपारी तिथे सविस्तर लिहिलं की अपडेटनंतर पडद्याची सूचना सारखी सारखी येते आहे.

संध्याकाळपर्यंत तीन उत्तरं आली. पहिल्याने लिहिलं, केबल बदला. दुसऱ्याने लिहिलं, प्रोजेक्टर बदला. तिसरं कासव नावाच्या कोणाचं होतं: "'सारखी सारखी' हे माप नाही. किती सेकंदांनी येते?"

कुजबुजरावांचे कान तापले. ज्या माणसाने नटाचं थांबणं मोजण्यात जन्म काढला, त्याला हा प्रश्न दुसऱ्याने विचारावा! नट थांबला म्हणजे प्रत्येक वेळी तो विसरलेला नसतो. कधी तो मुद्दाम थांबतो, आणि तिथे प्रॉम्प्टरने तोंड उघडलं तर प्रवेश मेला. कुणाचं थांबणं कुठलं, हे मोजूनच कळतं. आणि इथे दोन दिवस ते तारा उपसत बसले होते.

बुधवारी त्यांनी काहीच दुरुस्त केलं नाही. केबल काढून लावली, हात मांडीवर ठेवले आणि मोजू लागले. चौकट आली. एक, दोन, तीन... विसाला पडदा लुकलुकला आणि एकविसाला चौकट परत आली. पुन्हा मोजलं. वीस, एकवीस. आठ वेळा मोजलं. कमी नाही, जास्त नाही. सैल तार अशी तालात चालत नाही. हे कोणीतरी मोजत होतं.

"काय काका, सापडलं भूत?" वायरमन दारातून म्हणाला.

"भूत नाही," कुजबुजराव म्हणाले. "मोजणारा आहे कोणीतरी. विसापर्यंत."

आणि आपलं बोलणं त्यांनी स्वतःच ऐकलं.

त्यांच्या कंपनीत तिसरी घंटा झाली की पडदा लगेच उघडत नसे. लोकांनी बसावं, खोकावं, कागद चुरगळून व्हावेत, म्हणून विसापर्यंत मोजायचे. मोजण्याचं काम प्रॉम्प्टरचं. वीस झाले की तो हात वर करी आणि पडदा ओढणारा दोर ओढी. सव्वीस वर्षांत किती प्रयोग झाले असतील. तितक्यांदा त्यांनी वीस मोजले होते. दुसरा कोणी पंधरा मोजता, कोणी तीस. वीस मोजणारा माणूस ह्या हॉलमध्ये एकच होता.

मग आठवलं. पहिल्या वर्षीचा जुना प्रोजेक्टर केबल काढून लावली की आपला आकार विसरायचा. म्हणून त्यांनी नऊ ओळींची एक छोटी आज्ञावली लिहिली होती: पडद्याची मांडणी बदलली की विसापर्यंत थांब, म्हणजे प्रोजेक्टर नीट जागा होईल, आणि मग मांडणी आपल्याला हवी तशी करून टाक. कोणाला दिसू नये म्हणून ती लपवलेल्या फोल्डरात ठेवली होती. नाव दिलं होतं घंटा. सहा वर्षं ती इमानाने काम करत होती आणि ती आहे हे खुद्द तिच्या कर्त्याला आठवत नव्हतं.

त्यांनी वही काढली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. अडकणाऱ्या बटणाची नोंद होती, माऊसच्या सेलांची होती, घंटेची नव्हती. का नव्हती, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. नाटकाच्या वहीत नटाच्या हालचाली लिहितात, दिव्यांचे इशारे लिहितात. प्रॉम्प्टरने काय करायचं ते लिहीत नाहीत. लिहिणारा तोच, मग स्वतःला कशाला सांगायचं?

पुढचं सगळं सरळ होतं. गुरुवारच्या त्या अपडेटनंतर डेस्कटॉप स्वतःच पडद्याची मांडणी लक्षात ठेवू लागला होता. त्याच्या मनात एक मांडणी, घंटेच्या मनात दुसरी. केबल हलली की डेस्कटॉप आपली मांडणी लावी आणि चौकट दाखवी. तो बदल बघून घंटा जागी होई, वीस मोजी आणि आपली मांडणी लावी. तो बदल बघून डेस्कटॉप म्हणे, अरे, बदल झाला! की पुन्हा आपली मांडणी, पुन्हा चौकट. दोघेही आपापल्या जागी बरोबर. दोघेही दुसऱ्याची चूक सुधारत होते.

हे कुजबुजरावांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. कंपनीत ते नवे असताना नायकाला एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, म्हणून दुसऱ्या विंगेतही प्रॉम्प्टर बसवायचं ठरलं. उजवीकडे जुने प्रॉम्प्टर, ज्यांना थोरले म्हणत, डावीकडे हे. नेमकं त्याच आठवड्यात नाटक दुरुस्त झालं होतं आणि थोरल्यांच्या हातात जुनी वही राहिली. दुसऱ्या अंकात नायिका अडली. उजवीकडून जुनं वाक्य आलं. ह्यांनी डावीकडून नवं दिलं. थोरल्यांना वाटलं पोर चुकलं, त्यांनी जुनं पुन्हा दिलं, जरा जोरात. ह्यांनी नवं, त्याहून जोरात. नायिका बिचारी उजवीकडे बघते, डावीकडे बघते, शेवटी तिने मेजावरचा पेला उचलून ओठांना लावला, आणि पेला तर रिकामा! थिएटर हसून कोसळलं. प्रयोग संपल्यावर मालक दोघांवर तुटून पडण्याआधीच थोरल्यांनी वही मिटली, कानावरची पेन्सिल काढून ह्यांच्या हातात दिली. "एका खेळाला एकच पुरे," एवढं म्हणाले आणि मागच्या दाराने गेले.

कुजबुजरावांनी त्या नऊ ओळी एकदा शेवटपर्यंत वाचल्या. मग डेस्कटॉपला हवी ती मांडणी शिकवली आणि घंटा बंद केली. केबल अकरा वेळा काढली, अकरा वेळा लावली. चौकट आली नाही. वहीत लिहिलं: घंटा बंद केली. सहा वर्षं चालली. आधी नोंद करायची राहिली होती. कासवाला कळवलं: वीस सेकंद. मोजणारा मीच होतो.

कासवाचं उत्तर एका शब्दाचं आलं. "नेहमीप्रमाणे."

मशीन सुधारलं, पण मशीन कोणासाठी होतं? घरी आल्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं: सापडलं. चूक माझीच होती.

अक्काच्या सुया थांबल्या नाहीत. "मला विचारलं असतंस तर सोमवारीच सांगितलं असतं."

शनिवारी ये.

"नाही."

पुन्हा होणार नाही.

"हे तू परीक्षेच्या वेळीही म्हणायचास. दोन वर्षं लागोपाठ."

त्यांनी पाटी कोरी केली. मग लिहिलं: शुक्रवारी ये. हॉल रिकामा असतो. तू तपास.

अक्काने चष्म्यावरून पाहिलं. कोणाचं काम तपासायला मिळणं ही गोष्ट तिला आयुष्यात कधी नाकारता आली नव्हती. शुक्रवारी ती आली, पण घरातल्या साध्या चपला घालून.

आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि हुकूम सोडला. "तार काढ. त्या बाईने काढली होती तशी. आता लाव." त्यांनी लावली. अक्काने मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. एक मिनिट. दोन मिनिटं. पडदा पांढरा, शांत.

"रिकामा पडदा कोणीही दाखवील. लिही काहीतरी."

काय लिहू? त्यांनी टाईप केलं. ते मोठ्या अक्षरांत समोर उमटलं.

"मला काय विचारतोस? जन्मभर दुसऱ्याच्या तोंडचं दिलंस. आज स्वतःचं दे."

कुजबुजरावांची बोटं की-बोर्डवर नुसती टेकून राहिली. स्वतःचं म्हणजे काय द्यायचं? पण एक भाषण त्यांच्याकडे अडकून पडलं होतं. एकदा ऐकलेलं त्यांना पुरत असे. त्यांनी त्या शोकसभेत जिथे पडदा बिघडला होता तिथून सुरुवात केली.

घरातलं घड्याळ चाळीस वर्षं दहा मिनिटं पुढे. वहिनी सगळीकडे लवकर पोचायच्या. अक्काच्या ओठांची कड हलली. मग पुढचं येऊ लागलं, भाऊ थांबले होते तिथे थांबत. रविवारी पहाटे तो म्हणाला, हातातलं घड्याळ काढ, टोचतंय. मी काढलं. त्याने खुणेने विचारलं, किती वाजले? मी त्याच्यासमोर धरलं. सहा बत्तीस. तो म्हणाला, दोन मिनिटं पुढे आहे. त्याचं शेवटचं बोलणं एवढंच. मी नंतर दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दोनच मिनिटं पुढे होतं.

 अक्काने घड्याळाचा हात मांडीवर उतरवला.

"हे त्या दिवशी कोणी वाचलं?"

कोणीच नाही.

"त्यांच्या बाईंनीही नाही?"

नाही.

"आणि तू आठवडाभर तारा मोजत बसलास?" तिने पिशवी उचलली. "उद्या पहिलं हे दाखव. मग बाकीचे कार्यक्रम."

घरी आल्यावर तिने स्वतः स्टूल ओढलं. कुजबुजराव ह्या वेळी मध्ये पडले नाहीत.

शनिवारी दहाला हॉल भरला. पुढे बोलायला कोणी उभं नव्हतं. पडद्यावर घड्याळजींच्या भावाचं भाषण उमटत गेलं आणि तीसेक माणसं मान वर करून वाचत गेली. दोन मिनिटं पुढे होतं, इथे आल्यावर पहिल्या रांगेत घड्याळजींच्या बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर ठेवला. पडदा एकदाही हलला नाही.

ते संपलं आणि अक्का उभी राहिली. तपकिरी चपला, हात खुर्चीच्या पाठीवर.

"मला बोलायचंय," ती म्हणाली, तिला वाटत होतं त्यापेक्षा पुष्कळ मोठ्याने. कुजबुजरावांनी टाईप केलं. लोक वाचू लागले. "त्या दिवशी मी भलत्या वेळी हसले. मला वाक्य उशिरा मिळालं, पण हसले मी. सगळे वळून माझ्याकडे बघत होते. घड्याळजींच्या बाई, मला तुमची क्षमा मागायची आहे."

घड्याळजींच्या बाईंनी हे वाचलं. मग आणखी एकदा वाचलं. मग मागे वळल्या.

"हसलात?" त्या म्हणाल्या. "कधी? अहो, मला काय ऐकू येणार? मला ढग गडगडलेला कळत नाही!" त्यांनी शेजारणीला कोपराने डिवचलं. "तुला ऐकू आलं होतं?" शेजारणीने पडदा वाचून नाही म्हणून मान हलवली. तिच्या शेजारच्यानेही. रांगांमागून रांगा माना हलत गेल्या.

"मग सगळे वळून बघत होतात ते?" अक्काने विचारलं.

"तुमच्याकडे कशाला बघू आम्ही? ह्यांच्याकडे बघत होतो." घड्याळजींच्या बाईंनी सरळ टेबलाकडे बोट दाखवलं. "पडदा गेला, की आम्ही सगळे ह्यांच्याकडेच बघतो. नाहीतर कुणाकडे बघायचं?"

सव्वीस वर्षं नाटकात आणि सहा वर्षं ह्या हॉलमध्ये काढलेल्या माणसाला हे वाक्य स्वतःच टाईप करावं लागलं. त्यांनी ते केलं, एकही अक्षर न गाळता. तीस माणसं वळून त्यांच्याकडे बघत होती. ज्या हॉलमध्ये हसणं ऐकू येणारी माणसं फक्त ते, हॉलच्या बाई आणि त्या दिवशी आलेले भाऊ एवढीच होती, तिथे आपल्या बहिणीचं हसणं सगळ्यांनी ऐकलं असं त्यांनीही आठवडाभर धरून ठेवलं होतं. ते खाली की-बोर्डकडे बघू लागले.

अक्काने पडद्यावरचं शेवटपर्यंत वाचलं. मग तिचे खांदे हलू लागले. ती हसली, मोकळं, तसंच, खिडकीची तावदानं वाजतील असं. पुढे घड्याळजींच्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, काय चाललंय ते कळावं म्हणून.

कुजबुजरावांनी लिहिलं, कंसात: हशा.